चालीनं चला: कोल्हापुरात घोड्यासोबत पहिली निवांत रपेट

कोल्हापुरात घोडा दिसतो तो वरातीत, शर्यतीच्या गाडीला जुंपलेला, नाहीतर पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवताना. तिन्ही ठिकाणी त्याच्यामागं काम असतं: नाचायचं, पळायचं, नाहीतर ठरलेली फेरी मारून पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं. घोडा घेऊन नुसतं फिरायला जाणं, ऊन चढायच्या आत पाणंदीनं शेजारच्या गावापर्यंत जाऊन परत येणं, ही हौस अजून थोड्यांचीच आहे. मळ्यात हौसेनं घोडी पाळणारे भेटतात. दाणा-वैरण वेळेवर, अंग चकाचक, पण तिला फाटकाबाहेर काढायचा धीर होत नाही. हा लेख त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढं वाद नको. पहिले दोन-तीन महिने सगळी रपेट चालीनंच, म्हणजे घोडा पळू न देता एकेक पाऊल टाकतच करायची. दुडकी, म्हणजे हलकं पळणंसुद्धा नको. घोडा चालीनं तासाला साधारण सहा किलोमीटर जातो, म्हणजे तासाभराची पहिली रपेट जाऊन-येऊन पाच-सहा किलोमीटरची होते. ‘एवढ्यासाठी घोडा कशाला?’ असं मित्र म्हणतील. म्हणू देत. चालीत घोड्याला बघायला, वास घ्यायला वेळ मिळतो. भ्यायलं तर विचार करायलाही वेळ मिळतो, आणि तुम्हालाही. वेग वाढला की दोघांचाही विचार थांबतो.

आधी दोघांची तयारी

बंदिस्त जागेत, म्हणजे कुंपण घातलेल्या वावरात किंवा शिकवणीच्या मैदानात, तीन गोष्टी यायलाच हव्यात. घोडा थांबवता येणं, दोन्ही अंगांना वळवता येणं, आणि गरज पडली तर चालत्या घोड्यावरून दोन्ही पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कड्यांतून) काढून झटकन खाली उतरता येणं. ही तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही आणि कुणी शिकतही नाही. जाणकाराला घोडा धरायला लावून आधी उभ्या घोड्यावर, मग चालत्या घोड्यावर तिचा सराव करा. उतरता येतं हे माहीत असलं की मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, आपोआप सैल, मोकळी बसते.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या आपल्या गावात तो जरा नाजूक आहे. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, असा ठोकताळा आहे. घोड्याला काट्यावर चढवायची गरज नाही. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण ३१२ किलो येतं. म्हणजे खोगिरासकट ६२ किलो. आपली देशी घोडी, विशेषतः भीमथडीच्या वळणाची तट्टं, काटक असतात, डोंगर चढण्यात मोठ्या घोड्यांना ऐकत नाहीत. पण काटक आहे म्हणून नव्वद किलोचा गडी लादायचा नसतो. तुम्ही जड असाल तर मोठा घोडा बघा, किंवा लगाम धरून शेजारून चालत जा. त्यालाही रपेटच म्हणायचं, आणि नव्या घोड्याशी ओळख व्हायला तीच बरी.

धनुर्वाताची लस दिलेली असावी. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो आणि पाणंदीत खिळा, तार, बुडखा काहीही पायात शिरू शकतं. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी यायला हवा. नाल ढिला आहे का हे आदल्या दिवशीच बघा, सकाळी निघताना कळलं तर वरातीमागून घोडं.

आणि लगाम. शर्यतीच्या आणि वरातीच्या काही घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम असतो. असा घोडा विकत आलाच, तर पहिल्या दिवशी तो लगाम काढून फेकून द्या. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत त्याला मनाईही आहे. तोंड दुखणारा घोडा निवांत चालत नसतो, तो दुखण्यापासून पळत असतो.

वाट निवडताना

सुरुवातीला रत्नागिरी रस्ता आणि पुणे-बंगळूर हायवे विसरा. रस्ता ओलांडायचा झालाच तर खाली उतरून, घोडा हातात धरून ओलांडा. डांबरी रस्त्याच्या कडेनं घोडा धरून जाताना तो तुमच्या डाव्या हाताला ठेवा, म्हणजे गाड्या आणि घोडा यांच्यामध्ये तुम्ही राहता.

नवख्यासाठी पंचगंगेच्या काठचा सपाट मुलूख बरा. शिवाजी पुलापलीकडं आंबेवाडी, प्रयाग चिखलीच्या बाजूला उसातून जाणाऱ्या पाणंदी आहेत. चढ-उतार नाही, माती मऊ, पहाटे वर्दळ कमी. चिखलीजवळच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात. पण ही सगळी पुराची जमीन आहे, २०१९ आणि २०२१ ला ही गावं पाण्यात होती. त्यामुळं पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत घोडा घालायचाच नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि घाबरून उपसायला गेला की शिरा दुखावतात. दिवाळीनंतर माती बसते, तेव्हा जा.

मांड बसली की जोतिबाच्या पायथ्याचा भाग बघा, कुशिरे-पोहाळ्याच्या अंगानं. हलका चढ, मोकळे माळ, खाली सगळं खोरं पसरलेलं. रविवार आणि पौर्णिमा टाळा. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर विचारच नको. जोतिबाचं वाहन घोडा असलं, तरी तुमच्या घोड्याला हलगी, सासनकाठ्या आणि गुलालाचा पाऊस सोसेलच असं नाही. उन्हाळा आला की या माळांवर कुसळं वाळलेली असतात. ती तंगाखाली (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली) आणि नमद्यात (खोगिराखालच्या जाड घडीत) अडकतात, त्याबद्दल पुढं सांगतो.

पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार सगळ्यांच्या स्वप्नात असतं. फोटोत घोडा तिथं छान दिसतो, मान्य. पण ते जांभ्या दगडाचं आहे, आणि पावसात त्यावर शेवाळ धरलं की नाल लावलेला घोडा काचेवर उभा केल्यासारखा होतो. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं निघाले ते पालखीतून, आणि बांदलांचे मावळे पायी. पावसाळ्यात त्या वाटेला पायच बरे. शिवाय पठार आता संवर्धन राखीव आहे, तिथं घोडा नेण्याआधी वनखात्याला विचारा. फुलांच्या दिवसांत तर नेऊच नका. टापांखाली काय काय जातं ते वरून दिसत नाही.

ऊसतोडीचा हंगाम आणि रपेटीचा हंगाम एकच, हीच इथली खरी अडचण. नोव्हेंबर ते मार्च हवा सुंदर असते आणि त्याच काळात प्रत्येक पाणंदीत ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. म्हणून पहाटे, तांबडं फुटता-फुटता निघा. आणि तोड झालेल्या फडातून घोडा कधी घालू नका. तिरक्या कोयत्यानं तुटलेले बुडखे खुराच्या तळव्यात थेट घुसतात.

आधी ती वाट एकदा पायी किंवा सायकलवर जाऊन बघा. कुठं कुत्री आहेत, कुठं पाइपलाइन फुटलीय, कुठं वळायला जागा आहे. कुणाच्या बांधावरून जायचं असेल तर ‘मामा, हितनं घोडं नेलं तर चालंल का?’ एवढं विचारून ठेवा. कोल्हापूरचा शेतकरी नाही म्हणत नाही, उलट चहाला थांबवतो. न विचारता गेलात आणि घोड्यानं शाळूच्या ताटाला तोंड घातलं, तर मात्र गाठ त्याच्याशी.

सकाळी

दाण्याचा तोबरा निघण्याआधी किमान एक तास संपलेला असावा. थोडं वाळलं गवत चालतं. घोड्याला उलटी होत नाही, पोटात काही बिघडलं तर ते बाहेर टाकायची सोय नाही, म्हणून भरल्या पोटी मेहनत नको.

मग खरारा. घाई असली तरी हा टाळायचा नाही. अंग चमकवणं हा त्यातला छोटा भाग आहे. हात फिरवताना सूज, ऊब, खरचटलेलं, चावलेलं सगळं कळतं, आणि आज घोड्याचा नूर काय आहे तेही कळतं. पाठीवर दाबल्यावर अंग चोरत असेल तर त्या दिवशी खोगीर नको. चारी खूर उचलून टाचेकडून पुढच्या टोकाकडं खरवडा. मधला तिकोनी भाग मऊ असतो, त्यात हत्यार खुपसू नका. तिथं काळं ओलसर आणि घाण वास येत असेल तर खूर सडतोय, जागा कोरडी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

नमदा झटकून, हातानं चाचपून घ्या. एक कुसळ राहिलं तरी तासाभरात जखम होते. खोगीर जरा पुढं ठेवून मागं सरकवा, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. खोगिराखाली कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे. तंग आवळताना बरीच घोडी पोट फुगवतात. म्हणून आधी बेतानं आवळा, पंधरा-वीस पावलं चालवा, मग पुन्हा आवळा. दोन बोटं सरकली पाहिजेत. हे दुसऱ्यांदा आवळणं विसरलं की चढताना खोगीर पोटाखाली जातं आणि बघणाऱ्यांची करमणूक होते.

तुमच्या पोशाखात दोनच गोष्टींचा आग्रह. डोक्याला हेल्मेट हवं. फेटा कितीही रुबाबदार दिसला तरी तो दगडावर आपटल्यावर काम करत नाही. आणि पायात टाच असलेला बूट. पायताण कोल्हापुरी असलं तरी घोड्यावर नको, रिकिबीतून पाय आरपार जातो आणि पडल्यावर फरफट होते. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा, टाच खाली.

मोबाइल खोगिराच्या पिशवीत ठेवू नका, अंगावर ठेवा. तुम्ही खाली आणि घोडा घराकडं, अशी वेळ आली तर फोन तुमच्याकडं हवा. घरी वाट सांगून निघा. पहिल्या काही खेपांना सोबत शांत, मुरलेला दुसरा घोडा मिळाला तर फार उत्तम. नाहीतर सायकलवर एखादा भाचा-पुतण्या घ्या. त्यालाही काम मिळतं.

वाटेवर

जमिनीवरून उडी मारून चढण्याऐवजी कट्टा, बांध, दगड काहीतरी घ्या. तुमच्या गुडघ्याला आणि घोड्याच्या पाठीला दोघांनाही बरं. बसताना धपकन बसू नका. चढल्याबरोबर चालू लागायची सवयही लावू नका. मिनिटभर नुसतं उभं राहा, लगाम सैल, श्वास सोडा. घोड्याला कळलं पाहिजे की आज कुठली शर्यत नाही.

मग निघा आणि लगाम लांब सोडा. नवखा माणूस लगामाला लोंबकळतो, कारण त्याला वाटतं तोच आधार आहे. आधार मांडीत आणि पोटात असतो. चढावर जरा पुढं झुका, अयाळ धरलीत तरी चालेल. उतारावर अंग सरळ ठेवा आणि त्याला मान मोकळी द्या, पाऊल कुठं टाकायचं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

खरं काम पुढं बघण्याचं आणि कान वाचण्याचं. मान खाली, कान बाजूला सैल, शेपूट डुलतेय, मधूनच फुरफुरतोय: घोडा निवांत आहे, तुम्हीही गप्प राहा. एक कान पुढं, एक तुमच्याकडं: लक्ष दोन्हीकडं आहे, छान. दोन्ही कान टवकारले, मान उंच, अंग लाकडासारखं ताठ झालं, की त्यानं काहीतरी बघितलंय किंवा ऐकलंय. हे होतं तेव्हा साधारण दोन-तीन श्वासांचा अवधी मिळतो. त्यात काय करता यावर पुढचं ठरतं.

दोन्ही लगाम ओढू नका. ओढलंत की त्याला वाटतं तुम्हीही भ्यालात. थांबवा, त्या वस्तूकडं तोंड करू द्या, बघू द्या. हळू आवाजात काहीही बोला. आमची चांदणी बुजली की मी तिला बाजारातले भाव सांगतो, भाव ऐकून ती शांत होते की कंटाळून, ते तिलाच माहीत. दुसऱ्या घोड्याला पुढं जाऊ द्या. तरीही नाही म्हणाला तर उतरून हातात धरून पुढं न्या. उतरण्यात कमीपणा नाही. चाबूक काढलात तर मात्र त्या जागेची भीती कायमची पक्की होते. पळू लागला आणि जागा सपाट, मोकळी असेल तर एकाच बाजूचा लगाम हळूहळू आखडून त्याला मोठ्या गोलात वळवा, गोल लहान करत जा. अरुंद पाणंदीत किंवा उतारावर हे करू नका, तोल जाऊन तो पडेल.

आणखी एक माहिती असू द्या. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. जाताना डाव्या डोळ्यानं बघितलेली निळी ताडपत्री येताना उजव्या डोळ्याला नवीच वाटू शकते. ‘मघाशी तर गेलास ना?’ म्हणून चिडू नका.

ट्रॅक्टर येताना लांबूनच ऐकू येतो, कारण त्याच्या आधी त्याचं गाणं येतं. रुंद जागा गाठा, शेताच्या तोंडाशी आत शिरा आणि घोड्याचं तोंड ट्रॅक्टरकडं ठेवा, पाठ नाही. हात वर करून ड्रायव्हरला सांगा, ‘ओ पावणं, जरा टेप बारीक करा की, घोडं बुजतंय!’ बहुतेक जण लगेच करतात. नाही केला तर तुम्ही उतरून उभे राहा. ट्रॉली गेल्यावर लगेच निघू नका, मागं दुसरी असतेच.

कुत्री अंगावर आली तर घोडा पळवू नका. कुत्रं पळणाऱ्याच्या मागं लागतं. थांबून घोडा त्याच्याकडं वळवा, दरडावा, मग चालीनं पुढं.

गव्याची गोष्ट वेगळी. २०२१ च्या डिसेंबरात गवे शहराच्या वेशीपर्यंत आले होते, जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूला तर ते अधूनमधून असतातच. उसाच्या कडेला घोडा एकाएकी ठाम थांबला आणि काही केल्या पुढं जाईना, तर त्याचं ऐका. आला त्या वाटेनं परत फिरा. कड्याकपारीत आग्या मोहोळ दिसलं तरी तेच.

मधला थांबा

अर्ध्या वाटेवर सावली बघून उतरा. तंग दोन घरं सैल करा, दहा-पंधरा मिनिटं द्या. बांधायचं असेल तर लगामानं कधीच नाही, मोहरकीच्या (तोंडात कडी नसलेल्या, डोक्याला बांधायच्या पट्ट्याच्या) दोरीनं बांधा, छातीच्या उंचीला, आणि सुरगाठच मारा. घोडा भडकला तर एका ओढीत सुटली पाहिजे. निरगाठ बसली की मान मोडायची वेळ येते.

घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये असं जुनी माणसं सांगतात. चालीच्या रपेटीत ही भीती बाळगू नका. विहिरीचं, पाटाचं स्वच्छ पाणी पिऊ द्या आणि पुढं चालत राहा. दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागणारं जनावर आहे ते. शहराखालच्या पंचगंगेचं पाणी मात्र नको.

चरायला सोडताना डोळे उघडे ठेवा. कण्हेर घोड्याला मारून टाकते, थोडी पानंसुद्धा पुरतात, आणि ती हायवेच्या दुभाजकापासून बंगल्यांच्या कुंपणापर्यंत सगळीकडं लावलेली असते. घाणेरी, गाजरगवत नको. ज्वारीचे कोवळे फुटवे नकोत, त्यातही विष असतं. तणनाशक मारलेला बांध पिवळा पडलेला दिसतो, तिथंही तोंड घालू देऊ नका. लगाम तोंडात असताना चरायची सवयच न लावलेली बरी, नाहीतर पुढं दर दहा पावलांवर घोडं पेंड खाणार.

परतताना

घराची दिशा कळली की घोड्याची पावलं आपसूक वाढतात. इथंच बहुतेक नवखे फसतात. त्यालाही घाई, आपल्यालाही न्याहारीची घाई, म्हणून जरा पळू दिलं. दोन-तीनदा असं झालं की घराकडं तोंड केलं रे केलं, घोडा उधळायला शिकतो. पावलं वाढली की थांबवा, एक गोल फिरवा, पुन्हा चालीनं. दहादा करावं लागलं तर दहादा. शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर उतरून, तंग सैल करून शेजारून चालत या. दारात येईपर्यंत अंग वाळलेलं, श्वास हळू झालेला असतो. दारातून थेट ठाणावर दाणा, अशी सवयही लावू नका. आल्यावर पाच मिनिटं बाहेरच उभा करा.

खोगीर उतरवलं की पाठ बघा. घामाचा डाग सगळीकडं सारखा असेल तर खोगीर नीट बसतंय. मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथं दाब पडतोय, आणि पुढची रपेट खोगीर दुरुस्त झाल्यावरच. पाय आणि तंगाची जागा पाण्यानं धुवा, खूर पुन्हा खरवडा, कुसळं काढा. जबड्याखालची नाडी मोजायची सवय लावा. विसावलेल्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. वीस मिनिटं विसावूनही साठच्या वर असेल तर त्याला जास्त झालंय किंवा काहीतरी दुखतंय. दाणा तासाभरानं, वैरण आणि पाणी लगेच.

त्या दिवशी संध्याकाळी लीद पडली का बघा. पोटाकडं वळून बघतोय, जमीन उकरतोय, लोळतोय आणि पुन्हा उठतोय, तर तो पोटशूळ आहे. घरगुती काढे पाजत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारी पायांवरून हात फिरवा. कुठं ऊब-सूज नसेल तर दोन दिवसांनी तीच वाट पुन्हा धरा. आठवड्याला एखादा किलोमीटर वाढवत न्या. दोन-तीन महिन्यांनी दुडकी आजमावायची झाली, तर हलका चढ आणि घराच्या उलटी दिशा बघा. चढावर घोडा आपोआप आवरता येतो आणि वर पोहोचेस्तोवर त्याची हौस फिटलेली असते.